विमानांचं जाळं, जहाजांचं जाळं : दोन्हींची तुलना स्वतः कशी मांडायची

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतलं कास्टिंग हॅम्बुर्गला समुद्रमार्गे जातं, पण मंजुरीसाठी पाठवायचा पहिला नमुना विमानानं जातो. माल तोच, गाव तेच, तरी दोन्ही पार्सलं अगदी वेगळ्या घडणीच्या दोन जाळ्यांतून प्रवास करतात. ती घडण कागदावर मांडायची, मोजायची आणि तिचा अर्थ लावायचा, एवढंच काम इथे आहे. शिवाजी विद्यापीठात प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला ते उपयोगी पडेल आणि फौंड्रीच्या डिस्पॅच विभागालाही. साधा लॅपटॉप पुरतो, प्रोग्रॅमिंग यायलाच पाहिजे असं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विमान दोन शहरांच्या मध्ये जातं आणि त्याच वाटेनं परत येतं. कंटेनर जहाज फेरा मारतं. गोकुळचा दूध गोळा करणारा टेम्पो गावोगाव थांबत जातो आणि शेवटी शीतकरण केंद्रावर येतो, तसं हे जहाज सहा-आठ-दहा बंदरं घेऊन मूळ बंदरावर येतं. त्यामुळे ‘दोन ठिकाणं जोडलेली आहेत’ याचा अर्थ दोन्ही जाळ्यांत एकच नसतो. हा फरक न सांभाळता काढलेले आकडे शेजारी ठेवले की तुलना चुकलीच म्हणून समजा.

आधी नोड कशाला म्हणायचं ते ठरवा

जाळ्यात नोड म्हणजे ठिकाणं आणि दुवे म्हणजे त्यांच्यामधल्या जोडण्या असतात. विमानाच्या बाजूला नोड म्हणजे विमानतळ की शहर? एकट्या लंडनला सहा विमानतळ आहेत. विमानतळ हा नोड धरला तर हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जाणाऱ्याचा प्रवास तुमच्या जाळ्यात तुटतो, शहर धरलं तर जोडला जातो. बंदरांचंही तेच. शांघायची यांगशान आणि वायगाओछ्याओ ही टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत, पण वेळापत्रकात बहुतेक ठिकाणी ‘शांघाय’ एवढंच लिहिलेलं सापडतं. नियम कुठलाही घ्या, दोन्ही जाळ्यांना एकच लावा. आमचा सल्ला शहराचा. मुंबई बंदर आणि न्हावा शेवा मात्र वेगळे ठेवावेत, कारण निर्यातदाराच्या दृष्टीनं ते दोन वेगळे पत्ते आहेत आणि कंटेनर न्हावा शेव्यालाच जातो.

लागणारं साहित्य

एक स्प्रेडशीट आणि जाळी काढून मोजणारं गेफी हे मोफत सॉफ्टवेअर. पायथन येत असेल तर त्यातलं जाळ्यांचं पॅकेज नेटवर्कएक्स घ्या, पण पहिल्या फेरीला गेफी बरं, कारण चूक डोळ्यांना दिसते.

विमानांसाठी ओपनफ्लाइट्सच्या दोन फाइली उतरवून घ्या, विमानतळांची आणि मार्गांची. मार्गांच्या फाइलीत ६७,६६३ नोंदी, ३,३२१ विमानतळ आणि ५४८ विमान कंपन्या आहेत. ही फाइल जून २०१४ ची आहे आणि त्यानंतर ती ताजी झालेली नाही. जाळ्याची ठेवण शिकायला ती उत्तम, आजचं तिकीट काढायला निरुपयोगी. स्टार एअर २०१९ मध्ये सुरू झाली, म्हणजे तिच्या कोल्हापूरच्या फेऱ्या यात असणं शक्य नाही. गोव्याचं मोपा विमानतळ २०२३ चं, तेही नाही. अशी भर हातानं घालावी लागते.

जहाजांसाठी अशी तयार फाइल मोफत मिळत नाही, ती आपणच बांधायची. मर्स्क, एमएससी, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइड या कंपन्या आपल्या प्रत्येक सेवेची बंदरांची माळ संकेतस्थळावर देतात. सुरुवातीला २५ ते ३० सेवा पुरेत : भारतातून युरोप, आखात, आग्नेय आशिया, अमेरिका आणि कोलंबोच्या फीडर सेवा (लहान जहाजांनी माल मोठ्या बंदराला पोचवणाऱ्या). ताळा घ्यायला अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेचा लायनर शिपिंग कनेक्टिव्हिटी इंडेक्स बघा. तो देशवार आणि बंदरवार मिळतो. त्यात जहाजांच्या भेटी, क्षमता, सेवांची संख्या, कंपन्यांची संख्या, सर्वांत मोठ्या जहाजांच्या सेवेतला जहाजांचा सरासरी आकार आणि थेट जोडलेले देश असे सहा घटक आहेत.

विमानांचं जाळं बांधणं

या दोन्ही फाइली स्प्रेडशीटमध्ये थेट डबल क्लिक करून उघडू नका. ‘फ्रॉम टेक्स्ट’नं आणा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर विमानतळांच्या फाइलीतल्या साओ पावलोसारख्या नावांचा चुथडा होतो. फाइलींना शीर्षकाची ओळ नाही. मार्गांच्या फाइलीतले रकाने ओळीनं असे : विमान कंपनी, तिचा क्रमांक, निघण्याचा विमानतळ, त्याचा क्रमांक, पोहोचण्याचा विमानतळ, त्याचा क्रमांक, कोडशेअर, थांबे, विमानाचा प्रकार. रिकाम्या जागी उलटी तिरकी रेघ आणि कॅपिटल एन असतं. अशा ओळी गाळा, नाहीतर ते चिन्हच तुमच्या जाळ्यातलं एक भलंमोठं ‘शहर’ होऊन बसतं.

मग कोडशेअरच्या रकान्यात वाय असलेल्या ओळी काढून टाका. तिथे विमान एकाचं असतं आणि तिकीट दुसराही विकतो. त्या ठेवल्या तर एकच विमान दोनदा-तीनदा मोजलं जातं, आणि हा फुगवटा सगळीकडे सारखा नसतो. विमान कंपन्यांच्या मोठ्या आघाड्यांच्या हबवर, म्हणजे प्रवासी जिथे विमान बदलतात त्या मोठ्या विमानतळांवर, तो जास्त असतो. म्हणजे आधीच मोठे असलेले नोड आणखी मोठे दिसतात.

उरलेल्या ओळींतून दोन रकाने काढा आणि त्यांना इंग्रजीत सोर्स आणि टार्गेट हीच नावं द्या. गेफी दुसरं नाव ओळखत नाही. तिसरा रकाना वेट. इथे सावध राहा : या फाइलीत फेऱ्यांची संख्याही नाही आणि आसनंही नाहीत. एका जोडीवर किती कंपन्या उडतात एवढंच कळतं. दिवसाला एक सत्तर आसनी एटीआर आणि दिवसाला चार मोठी जेट, दोन्हींचं वजन एकच येऊ शकतं. देशांतर्गत मार्गांसाठी डीजीसीएची (भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाची) मासिक शहर-जोडीवार प्रवासी आकडेवारी मिळते. निदान भारतापुरतं वजन तिच्यावरून घाला.

विमानतळांची जोडणी तीन अक्षरी कोडवर न करता क्रमांकावर करा. कोड हस्तांतरित होतात. इस्तंबूलचा आयएसटी हा कोड २०१९ पर्यंत अतातुर्क विमानतळाचा होता, नंतर तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बांधलेल्या नव्या विमानतळाला मिळाला. जुनी मार्ग-फाइल आणि नवी विमानतळ-फाइल कोडवर जोडली तर नकाशा बरोबर दिसतो आणि अंतरं चुकतात. अशी चूक सापडायला सगळ्यांत कठीण.

गेफीत आधी नोडची फाइल आणा, मग दुव्यांची. दुसरी फाइल आणताना ‘ॲपेंड टु एक्झिस्टिंग वर्कस्पेस’ निवडायला विसरू नका. विसरलात की दुवे नव्या रिकाम्या पाटीवर जातात, नावं जुन्या पाटीवरच राहतात. एकाच जोडीचे अनेक दुवे एकत्र करायची पद्धत ‘सम’ म्हणजे बेरीज ठेवा.

जहाजांचं जाळं बांधणं

चार रकान्यांचा तक्ता करा : सेवेचं नाव, क्रम, बंदर, बंदराचा कोड. कोड यूएन-लोकोड या संयुक्त राष्ट्रांच्या ठिकाण-यादीतला वापरा, पाच अक्षरी. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन ठिकाणाची. न्हावा शेवा म्हणजे आयएनएनएसए. रोटरडॅम म्हणजे एनएलआरटीएम.

लोकोडच्या यादीत अक्षांश-रेखांश अंश-मिनिटांत असतात, दशांशात नव्हे. रोटरडॅमचा ५१५५ म्हणजे ५१ अंश ५५ मिनिटं, दशांशात ५१.९२. तो ५१.५५ असा भरला तर बंदर चाळीस किलोमीटर दक्षिणेला सरकतं. मिनिटांना साठनं भागून अंशात मिळवा.

कोडशेअरसारखाच घोळ इथेही आहे. एकाच जहाजावर तीन कंपन्या जागा वाटून घेतात आणि प्रत्येकीच्या संकेतस्थळावर त्या सेवेचं नाव वेगळं असतं. नावं वेगळी, पण बंदरांची माळ आणि जहाजांची नावं तीच दिसली, तर ती एकच सेवा. नावावर न जाता माळेवर जा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मर्स्क आणि हापाग-लॉइड यांची जेमिनी आघाडी सुरू झाली, तेव्हापासूनच्या तक्त्यात ही गल्लत हमखास होते. जेमिनीची दुसरी गंमत अशी की तिनं मुख्य फेऱ्यांमधली बंदरं कमी केली आणि उरलेली शटल सेवांनी हबला जोडली. म्हणजे जहाजांचा एक मोठा तुकडा विमानांच्या ठेवणीकडे सरकला. तुमच्या तक्त्यात जेमिनीच्या सेवांना वेगळी खूण करा, पुढे कामाला येईल.

हे सगळं लायनर म्हणजे ठरल्या वेळापत्रकाच्या कंटेनर जहाजांचं झालं. कोळसा, खनिज, धान्य नेणारी बल्क जहाजं आणि तेलाचे टँकर भाडं मिळेल तिकडे जातात, त्यांना माळ नसते. त्यांचं जाळं हवं असेल तर जहाजं आपली जागा सांगायला सोडतात त्या एआयएस सिग्नलवरून बंदरभेटी काढाव्या लागतात. अमेरिकी किनाऱ्याची आणि डॅनिश समुद्राची एआयएस नोंद मोफत मिळते, जगाची मिळत नाही. पहिल्या प्रकल्पात त्यात शिरू नका.

फेऱ्याचे दुवे काढायच्या दोन रीती

आता मुख्य मुद्दा. समजण्यापुरत्या दोन नमुना सेवा घेऊ. या खऱ्या वेळापत्रकातल्या नाहीत, पण ठेवण खरी आहे.

पहिली : मुंद्रा, न्हावा शेवा, कोलंबो, रोटरडॅम, हॅम्बुर्ग, अँटवर्प, परत मुंद्रा.
दुसरी : सिंगापूर, कोलंबो, चट्टोग्राम, परत सिंगापूर.

पहिली रीत : जहाज ज्या क्रमानं जातं तेवढेच दुवे, दिशेसह. पहिल्या सेवेचे ६, दुसरीचे ३, एकूण ९. अभ्यासक याला एल-स्पेस म्हणतात. स्प्रेडशीटमध्ये हे सोपं आहे. तक्ता सेवा आणि क्रमानुसार लावा. पुढच्या रकान्यात खालच्या ओळीचं बंदर घ्या. खालच्या ओळीवर सेवा बदलली असेल तर त्याच सेवेचं पहिलं बंदर घ्या. हा शेवटचा ‘परत’ दुवा बरेचदा राहून जातो आणि मग जाळं एकाच दिशेला वाहतं.

दुसरी रीत : एका सेवेतली सगळी बंदरं एकमेकांशी जोडायची, कारण एकदा कंटेनर जहाजावर चढला की तो पुन्हा न उतरवता त्या माळेतल्या कुठल्याही बंदरी जाऊ शकतो. याला पी-स्पेस म्हणतात. सहा बंदरांच्या १५ जोड्या आणि तिनांच्या ३, एकूण १८. हातानं करू नका. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीत तक्ता स्वतःशीच सेवेच्या नावावर मर्ज करा आणि पहिला क्रम दुसऱ्यापेक्षा लहान असलेल्या ओळी ठेवा. काही सेवा एकाच बंदराला जाताना आणि येताना, दोनदा लागतात. त्यातून बंदर स्वतःशीच जोडलं गेलेली ओळ निघते, ती गाळा.

दोन्ही जाळी गेफीत घाला आणि ‘नेटवर्क डायमीटर’ चालवा. पहिल्या रीतीत, दिशा धरून, सरासरी मार्गलांबी (दोन नोडमधल्या लघुतम मार्गातल्या दुव्यांची सरासरी) ३.३७५ आली पाहिजे. दुसऱ्या रीतीत १.३५७. पहिल्या रीतीत २.०७ आली तर फाइल आणताना तुम्ही ‘अनडायरेक्टेड’ ठेवलंत, जहाज उलटंही चालतं असं धरलंत. हे तीन आकडे जवळ लिहून ठेवा, मोठा तक्ता भरण्याआधी पद्धत तपासायला कामी येतात.

आता अर्थ बघा. न्हावा शेवा ते हॅम्बुर्ग पहिल्या रीतीत तीन दुवे, न्हावा शेवा ते चट्टोग्राम दोन. म्हणजे चट्टोग्राम जवळ? कंटेनरच्या दृष्टीनं उलट आहे. हॅम्बुर्गला तो एकदाही उतरत नाही. चट्टोग्रामला जाताना कोलंबोला उतरतो, यार्डात पडून राहतो, दुसऱ्या जहाजावर चढतो. दुसऱ्या रीतीत हे नीट दिसतं : हॅम्बुर्ग एक दुवा, चट्टोग्राम दोन. नियम असा : पी-स्पेसमधली लांबी वजा एक म्हणजे ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे जहाज बदलण्याची संख्या. एल-स्पेसमधली लांबी म्हणजे जहाज किती ठिकाणी नांगर टाकतं ते.

विमानांत हा प्रश्न फारसा उठत नाही, कारण बहुतेक उड्डाणं एका दुव्याची असतात. दोन्ही रीतींनी जवळपास तेच जाळं मिळतं आणि लांबी वजा एक म्हणजे विमान बदलण्याची संख्या. म्हणून प्रवाशाचा किंवा मालाचा त्रास तोलायचा असेल तर विमानाचं साधं जाळं आणि जहाजाचं पी-स्पेस शेजारी ठेवायचं. कुठल्या बंदरातून किती वाहतूक ओघळते, कोंडी कुठे होईल, हे बघायचं असेल तर एल-स्पेस.

दिशेचा फटका याच नमुन्यात दिसतो. न्हावा शेव्याहून अँटवर्पला चार टप्पे, अँटवर्पहून न्हावा शेव्याला दोन. माल पाठवायचा आणि कच्चा माल किंवा यंत्र मागवायचं तर दोन्हींचा ट्रान्झिट टाइम वेगळा धरावा लागतो. विमानात जाण्या-येण्याचं असं गणित क्वचितच पडतं.

छापील आकडे वाचताना

विमानांच्या जाळ्यावरचा बहुचर्चित अभ्यास गिमेरा आणि सहकाऱ्यांचा, २००५ चा. त्यात ३,८८३ ठिकाणं, सरासरी मार्गलांबी ४.४ आणि क्लस्टरिंग (एका नोडचे शेजारी एकमेकांशी किती जोडलेले आहेत ते माप) ०.६२. मालवाहू जहाजांवरचा कालुझा आणि सहकाऱ्यांचा, २०१० चा, २००७ सालच्या १६,३६३ जहाजांच्या हालचालींवर. ९५१ बंदरं, ३६,३५१ दुवे, सरासरी लांबी २.५, क्लस्टरिंग ०.४९.

२.५ हे ४.४ पेक्षा कमी, म्हणून जहाजांचं जाळं जास्त घट्ट, असा निष्कर्ष लगेच सुचतो. तो काढू नका. विमानांच्या यादीत अलास्का आणि पापुआ न्यू गिनीतल्या धावपट्टीएवढ्या गावांपर्यंत सगळं आलंय. फॉकलंडमधल्या माउंट प्लेझंटहून पापुआ न्यू गिनीतल्या वासूला जायला १५ उड्डाणं लागत होती, अशी टोकं सरासरी ओढून धरतात. जहाजांच्या यादीत बल्क जहाजं आणि टँकरही आहेत, ते वर्षभरात इतक्या वेगवेगळ्या जोड्या करतात की दुव्यांची गर्दी होते. त्यातला एखादा दुवा वर्षातून एकदाच वापरलेला असू शकतो. तुमचा कंटेनर त्यावरून जाणार नाही.

क्लस्टरिंगबाबत तर जास्तच जपा. वरच्या दोन सेवांचं क्लस्टरिंग दिशा सोडून एल-स्पेसमध्ये काढलं तर ०.२७ येतं, पी-स्पेसमध्ये ०.९४. जहाजं तीच, बंदरं तीच. पी-स्पेसमध्ये प्रत्येक सेवा म्हणजे सगळ्यांशी सगळे जोडलेला गट, त्यामुळे हा आकडा रीतीनंच फुगवलेला असतो. तो विमानाच्या ०.६२ शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही.

आकारानं वेगळी दोन जाळी तोलायची असतील तर प्रत्येकाची तुलना आधी त्याच्याच यादृच्छिक जुळ्याशी करा : तितकेच नोड, तितकेच दुवे, पण जोडण्या चिठ्ठ्या टाकून. गेफीत यादृच्छिक जाळं तयार करायची सोय आहे. दुव्यांचं शक्य जोड्यांशी गुणोत्तर काढून तेच ‘वायरिंग प्रोबॅबिलिटी’च्या चौकटीत भरा. मग खऱ्या जाळ्याची लांबी भागिले जुळ्याची लांबी हे गुणोत्तर दोन्हीकडे काढून तोला. नेटवर्कएक्स वापरणाऱ्यांनी प्रत्येक नोडची डिग्री म्हणजे दुव्यांची संख्या तशीच ठेवून दुव्यांची अदलाबदल करावी, ती कसोटी जास्त कडक.

बिटवीननेस म्हणजे किती लघुतम मार्ग एखाद्या नोडमधून जातात. गेफीत ‘नॉर्मलाइझ’ची खूण करूनच काढा, नाहीतर मोठ्या जाळ्याचे आकडे आपोआप मोठे येतात. विमानांत अँकरेजचं नाव फार वर आलं की गोंधळू नका. अलास्कातल्या असंख्य वस्त्या उरलेल्या जगाला त्याच दारातून जोडल्यात. सर्वांत जास्त थेट उड्डाणं असलेलं शहर आणि सर्वांत जास्त मार्ग ज्यातून जातात ते शहर एकच असतं असं नाही, हा गिमेरांच्या अभ्यासाचा खरा शोध. आपल्या नमुन्यात कोलंबो पहिला येतो, तो दोन माळांची गाठ आहे म्हणून. न्हावा शेव्याला माल भरपूर असूनही तो गाठ नाही, टोक आहे. खऱ्या तक्त्यातही भारतीय बंदरांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी दिसेल. केरळातल्या विळिंजमसारखं खोल बंदर बांधण्यामागचा हिशेब यातून कळतो.

किलोमीटर आणि दिवस

विमानाला पृथ्वीच्या गोलावरचं सरळ अंतर पुरेसं जवळ जातं. अक्षांश-रेखांशावरून हॅवरसाइन सूत्रानं काढा, त्रिज्या ६,३७१ किमी. जहाजाला हे सूत्र लावलं तर ते वाळवंटातून चालतं. मुंबई-लंडन सरळ सुमारे ७,२०० किमी, सुएझमार्गे समुद्रातून सुमारे ६,२०० सागरी मैल म्हणजे ११,५०० किमीच्या आसपास, आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून सुमारे १०,७०० सागरी मैल. म्हणजे १९,८०० किमी. सागरी अंतरासाठी पायथनमधलं सीरूट पॅकेज वापरा किंवा छापील अंतरतक्ते.

नुसतं अंतरही पुरत नाही, थांबणं मोजावं लागतं. आठवड्याला एक सेलिंग असेल तर कंटेनर सरासरी साडेतीन दिवस वाट बघतो. दिवसाला एक उड्डाण असेल तर अर्धा दिवस. म्हणून प्रत्येक बदलाला ‘दोन फेऱ्यांमधल्या काळाचा अर्धा भाग’ एवढा दंड लावा. न्हावा शेव्याहून कोलंबोमार्गे जाणाऱ्या मालाला साडेतीन दिवस सुरुवातीला आणि साडेतीन कोलंबोला, असे सात दिवस निव्वळ उभं राहण्यात जातात. फीडर जहाजाची वेळ मुख्य जहाजाशी बांधलेली असेल तर दंड कमी करा, पण माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरला विचारून.

गेफीचं मार्गलांबीचं गणित दुव्याचं वजन बघत नाही, फक्त दुवे मोजतं. दिवसांचा लघुतम मार्ग हवा असेल तर नेटवर्कएक्सचं डाइक्स्ट्रा वापरावं लागेल. वीस-पंचवीस बंदरांचंच काम असेल तर स्प्रेडशीटमध्ये हातानंही होतं.

जाळं तोडून बघणं

विमानांचं जाळं नोड गेला की तुटतं. २१ मार्च २०२५ ला वीज उपकेंद्राला आग लागून हीथ्रो दिवसभर बंद राहिला आणि हजारावर उड्डाणं अडकली. म्हणून चाचणी नोड काढण्याची करा : बिटवीननेसच्या क्रमानं एकेक नोड काढा आणि सर्वांत मोठ्या जोडलेल्या तुकड्यात किती नोड उरले ते नोंदवा. मग तितकेच नोड यादृच्छिक काढून तीच नोंद करा. दोन आलेखांमधलं अंतर म्हणजे हबवरचं अवलंबन. हवाई हद्द बंद होणं हा वेगळा प्रकार. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपचे विमानतळ एकदम गेले. तिथे एक नोड न काढता भौगोलिक गट काढावा लागतो.

जहाजांना हीच चाचणी लावली तर फसाल. सुएझ हे बंदर नाही, दुव्यावरची अरुंद जागा आहे. त्यासाठी दुव्यांच्या तक्त्यात आणखी एक रकाना घ्या आणि प्रत्येक दुवा कुठल्या चिंचोळ्या वाटेतून जातो ते लिहा : सुएझ, बाब-अल-मंदेब, होर्मुझ, मलाक्का, पनामा, जिब्राल्टर. एका दुव्यावर दोन-तीन नावं येतील. आता सुएझ बंद करायचा म्हणजे ते दुवे पुसायचे नाहीत, त्यांचं अंतर केपमार्गे बदलायचं. पुसले तर जाळ्याचे दोन तुकडे दिसू शकतात, प्रत्यक्षात मात्र २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं वळसा घालून गेली, थांबली नाहीत. होर्मुझ अपवाद. आखाताच्या आतल्या बंदरांना दुसरी समुद्रवाट नाही, तिथे दुवा खरंच पुसावा लागतो.

वळशाचा खरा परिणाम लांबीपेक्षा जहाजांच्या संख्येत दिसतो, आणि तो बहुतेक जण मोजत नाहीत. साप्ताहिक सेवेला लागणारी जहाजं म्हणजे पूर्ण फेऱ्याचे दिवस भागिले सात. समजा फेरा ५६ दिवसांचा, जहाजं आठ. मुंबई-लंडन वळशाचे ४,५०० सागरी मैल सोळा नॉटच्या वेगानं, म्हणजे दिवसाला ३८४ मैलांनी, जवळपास १२ दिवस वाढवतात. जाताना आणि येताना मिळून २४. फेरा ८० दिवसांचा झाला, जहाजं लागणार १२. ही जादा चार जहाजं कुठून तरी काढावी लागतात. मग लहान सेवा बंद होतात, काही बंदरं माळेतून गळतात, सेलिंग रद्द होतात. म्हणजे सुएझला अडलेली गोष्ट वेगळ्याच समुद्रातल्या दुव्यावर दिसते. तुमच्या तक्त्यात सेवेपुढे फेऱ्याचे दिवस आणि जहाजं हे दोन रकाने ठेवलेत तर हा हिशेब पाच मिनिटांत होतो.

कोल्हापूर दोन्ही जाळ्यांना जोडणं

विमानाच्या बाजूला कोल्हापूर आधीच नोड आहे, कोड केएलएच. मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्या शहरांशी दुवे, ते हंगामाप्रमाणे बदलतात, चालू वेळापत्रक बघून भरा. पण हा नोड प्रवाशांसाठी. इथून उडणाऱ्या एटीआर आणि एम्ब्रेअरमध्ये मालाचं पॅलेट चढत नाही, सुटं सामान हातानं भरतात. फौंड्रीचा एअर कार्गो ट्रकनं मुंबई किंवा बेंगळुरूला जातो. म्हणून मालाच्या जाळ्यात कोल्हापूर ते मुंबई विमानतळ हा रस्त्याचा दुवा वेगळ्या प्रकारानं नोंदवा, प्रवासी दुव्यात मिसळू नका. जहाजाच्या बाजूला महामार्गानं न्हावा शेवा, एक दिवस, अधिक टर्मिनलच्या कट-ऑफपूर्वीचा (माल स्वीकारण्याच्या शेवटच्या मुदतीआधीचा) राखीव वेळ. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला की हाच दुवा तुटतो. २०१९ आणि २०२१ ला तुटला होता. तुमच्या जाळ्यातला सर्वांत नाजूक दुवा कदाचित समुद्रात नसेलच.

विमानाचा मार्ग कोणाला परवडतो हे दुव्याच्या वजनात बसवायचं तर हवाई भाड्याचं वजन मोजा : लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६,०००. हे आणि प्रत्यक्ष वजन यांत जे जास्त त्यावर भाडं. ६० बाय ४० बाय ४० च्या खोक्यात कोल्हापुरी चपला भरल्या आणि वजन ९ किलो भरलं तरी भाडं १६ किलोचं. कास्टिंगचं उलट : १२० बाय ८० बाय ६० च्या पॅलेटचं आकारी वजन ९६ किलो, प्रत्यक्ष ९०० भरलं तर भाडं ९०० चं. म्हणून एकाच गावातल्या दोन धंद्यांचे लघुतम मार्ग वेगळे निघतात. दोन्हींची वेगळी फाइल करा.

सगळं जोडल्यावर कोल्हापूर-हॅम्बुर्ग काढून बघा. प्रवाशाला बेंगळुरू आणि फ्रँकफर्टमार्गे तीन उड्डाणं, दोन बदल. कंटेनरला न्हावा शेव्याहून थेट सेवा मिळाली तर एक ट्रक, एक जहाज, ट्रान्सशिपमेंट शून्य. बदलांच्या मापानं समुद्र जवळ, दिवसांच्या मापानं कितीतरी लांब. अहवालात दोन्ही मापं वेगवेगळ्या रकान्यांत द्या, त्यांची सरासरी काढू नका.

फाइलीच्या नावात तारीख घाला. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तेव्हा फाइल ताजी करा. जहाजांच्या माळांना असा ठरलेला दिवस नाही. आघाड्या मोडतात-जुळतात तेव्हा एकदम सगळं हलतं, एरवी एखादं बंदर गुपचूप गळतं. तिमाहीला एकदा प्रत्येक सेवेची माळ पुन्हा तपासा आणि जुनी फाइल पुसू नका. दोन तिमाहींच्या फाइली शेजारी ठेवल्या की कुठल्या बंदराचे दुवे घटले ते कंपनीनं जाहीर करण्याआधी दिसतं.